वाळूवर उभा राहिलेला नारळ

"राह्यला की उभा! बघा, बघा!"

मागच्या खुर्च्यांवर एकच गलका उडाला. आणि का नाही उडणार? उकंडरावनं तळहातावर आडवा ठेवलेला नारळ, दुसऱ्या हाताचं बोटसुद्धा न लावता, हळूहळू शेंडी वर करत करत ताडकन उभा राहिला होता. खाली पाण्यानं काठोकाठ भरलेला डबा. हिंगोलीतल्या त्या मंगल कार्यालयात सगळे माना उंच करकरून बघत होते, आणि पहिल्या रांगेत पदर दातात धरून बसलेल्या अनुसयाबाईनं, उकंडरावच्या धाकट्या भावाच्या बायकोनं, डोळे मिटून हात जोडले.

"काका, हे झालं उघड्या डब्यावर," साधना मॅडम म्हणाल्या. "आता झाकलेल्या डब्यांवर करायचं. डब्यातलं पाणी चालेल ना? जमिनीतलंच पाहिजे असं काही? आधीच सांगा, मग तक्रार नको."

"चालंल की. घरी हंड्यावर बी उभा राह्यतो. अन् झाकलं म्हणून काय पाण्याचा दगूड होतो व्हय?"

सगळे हसले. त्यानं कागदावर सही ठोकली.

साधना मॅडम कॉलेजात विज्ञान शिकवायच्या आणि चिकित्सा मंडळ चालवायच्या. या मंडळानं जाहीर केलं होतं की ज्याच्याकडं दैवी शक्ती असेल त्यानं यावं, चारचौघांत सिद्ध करावी आणि मोठं बक्षीस घेऊन जावं. उकंडरावच्या आधी एक ज्योतिषी होऊन गेले, अमृतराव. रेशमी झब्बा, बोटाबोटात अंगठ्या. त्यांच्यापुढं कुंडल्यांचा गठ्ठा ठेवला आणि विचारलं, यातलं कोण जिवंत, कोण मेलेलं? तर त्यांनी एका आजोबांना बिनधास्त वर पाठवलं, आणि ते आजोबा तिथंच कडेला बसून चहा पीत होते!

"महाराज, मेलो तर मेलो, पन चहा तरी सरू द्या की!"

अख्खं कार्यालय खदाखदा हसलं. अमृतराव म्हणाले, जन्मवेळच चुकीची दिली तुम्ही, आणि तरातरा निघून गेले.

उकंडराव तेवढा हसला नव्हता. तो बक्षिसासाठी आलाच नव्हता मुळी.

आखाडा बाळापूरकडच्या गावांत उकंडराव पाणाड्या म्हणजे मोठं नाव. कुणाला विहीर पाडायची असो की बोअर घ्यायचं असो, पहाटेच त्याच्या दारात मोटारसायकल उभी. हा अनवाणी पायानं, तळहातावर नारळ घेऊन रान हिंडणार. नारळ जिथं उभा राहील तिथं खुंटी. पाणी लागलं की हळदीच्या रानात पंगत, फेटा, टॉवेल-टोपी. नाही लागलं तर लोक म्हणायचे, आमचंच नशीब खोटं. तोही तेच म्हणायचा.

पण एक विहीर त्याच्या स्वतःच्या रानातली होती. पोरं अजून कडेवर होती तेव्हाची गोष्ट. खुंटी त्यानंच मारलेली, आणि खाली खोदायला धाकटा भाऊ हरिचंद. खोल गेले, आणखी खोल गेले, तरी ओल नाही. हरिचंद खालून ओरडला, "दादा, कोरडा खडक हाय, सोडू या!" उकंडरावनं काठावर उभं राहून नारळ धरला. नारळ उभा राहिला, असा ताठ की हात थरथरला. "पानी हाय रं! अजून एक परूस जाऊ दे!" एक परूस म्हणजे एका माणसाची उंची. हरिचंद हसला आणि त्यानं पुन्हा पहार मारली. दुपार कलायच्या आत कड कोसळली.

आणि त्या भागात रीत अशी, की विहिरीनं माणूस घेतला की तिला पुन्हा कुदळ लावायची नाही. दगडमातीनं बुजवून टाकायची. तशी बुजवली. आता खाली पाणी होतं की नव्हतं, कोण सांगणार?

अनुसयाबाई सांगायची! अख्ख्या गावाला सांगायची. "एक परूस ऱ्हायलं व्हतं. माझा मानूस पान्यापशी जाऊन गेला." भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, ती कधी वर मान करून बोलली नाही, पण त्याला पहिली भाकरी वाढायची ती तीच. बक्षिसाचं कळलं तेव्हा दाराआडून म्हणाली, "दादा, जावा तुमी. जगाला दिसू द्या. अन् मी बी येते." उकंडरावला जायचं नव्हतं, पण तिला नाही कसं म्हणणार?

तर कसोटी अशी होती. पडद्यामागं चिठ्ठी टाकून एका डब्यात पाणी भरायचं, बाकीच्या डब्यांत तेवढ्याच वजनाची वाळू. वर बारदान. भरणारे लोक दुसऱ्या दारानं बाहेर, म्हणजे कुणाच्या तोंडाकडं बघून अंदाज नको. मग उकंडरावनं यायचं.

तो आला. रांगेनं फिरला. एका डब्यापाशी नारळ हलला, सरकला, उभा राहिला.

"ह्यो."

बारदान काढलं. वाळू.

"होतं एखाद्या वेळी," मागून कुणीतरी म्हणालं. पुन्हा चिठ्ठी, पुन्हा डबे. वाळू. पुन्हा वाळू. मध्ये एकदा पाणी निघालं तर टाळ्यांचा कडकडाट झाला, अनुसयाबाई खुर्चीतून अर्धी उठली, आणि नंतर परत वाळू, वाळूच. उकंडरावचा सदरा पाठीला चिकटला. चुकतोय याचं नाही वाटलं त्याला एवढं. नारळ उभा राहत होता, याचंच वाटत होतं. दर वेळी तसाच ताठ, हाताला तीच थरथर.

शेवटचं बारदान निघालं. वाळू. चहा पिणाऱ्या आजोबांनी कप खाली ठेवला.

"काका, बसा जरा," साधना मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

आणि तेवढ्यात अनुसयाबाई उठली. भरल्या सभेत, भासऱ्यासमोर!

"बाई, तुमचं डब्यातलं पानी मेलेलं हाय! जिमिनीतलं जित्तं असतंय, ते वाहातंय, ते बोलतंय त्यांच्यासंगं. मेल्या पान्याचं काय कळन? सांगा की हो दादा! काहून गप बसले? सांगा ना!"

सगळे उकंडरावकडं बघायला लागले. त्यानं सही केलेला कागद साधना मॅडमनी पुढं केला नाही, चांगली बाई. त्या एवढंच म्हणाल्या, "तसं असेल तर काका, तसं लिहून घेते मी. अपुरी कसोटी म्हणून."

नुसती मान हलवायची होती. गावात नाव तसंच राहिलं असतं. घरात भाकरी तशीच. आणि ती बुजवलेली विहीर पाण्याची राहिली असती.

उकंडरावनं अनुसयाबाईकडं बघितलं. तिचे ओठ हलत होते.

"न्हाई मॅडम," तो म्हणाला. "पानी ते पानीच. वाळूवर बी उभा राह्यला त्यो. त्या दिशी हिरीवर राह्यला व्हता ना... बराबर तसाच."

"दादा—"

"बराबर तसाच, अनुसया."

ती उभी होती ती हळूच खाली बसली. पदर डोक्यावरून घसरला, तो तिनं सावरला नाही.

डेपोपर्यंत दोघं पुढं-मागं चालत गेले. बाजाराचा दिवस, बाळापूरच्या गाडीला ही झुंबड! उकंडरावनं गळ्यातली दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, काढून खिडकीतून आत सीटवर टाकली, दोघांपुरती जागा धरली, रेटारेटीत आत शिरला आणि खिडकीशी बसला. बाजूच्या जागेवर दस्ती नीट पसरून ठेवली.

अनुसयाबाई मागून चढली. आली, त्याच्या सीटपाशी थांबली, आणि वरची दांडी धरून तशीच उभी राहिली. तोंड पुढं.

"बस, अनुसया," तो म्हणाला.

गाडी सुटली. कंडक्टर तिकिटं फाडत आला. "ओ मावशी, जागा रिकामी दिसून राहिली, बसून घ्या की."

"न्हाई," ती म्हणाली. "कोनाची तरी धरलेली हाय ती."

कळमनुरीला आणखी माणसं चढली. एकेक जण त्या सीटपर्यंत यायचा, दस्ती बघायचा आणि मागं सरकायचा. उकंडराव खिडकीबाहेर बघत राहिला. त्यानं दस्ती उचलली नाही.