अबोल्यात शिजलेलं बीट

वन्सचं आणि माझं बोलणं बंद झालं त्याला कारण बीट. ते किसायचं की चिरायचं, एवढाच मुद्दा. पण नणंद-भावजय एका घरात राहतात आणि वर एकाच शाळेच्या स्वयंपाकघरात राबतात म्हटल्यावर एवढा मुद्दा पुष्कळ झाला. त्या म्हणाल्या, "किसलं की चव जाते." मी म्हटलं, "चिरलं की पोरं वेचून टाकतात." त्या म्हणाल्या, "तुलाच फार कळतं!" झालं, अबोला सुरू.

तेव्हापासून सगळा कारभार शिपाईकाकांच्या मार्फत. वन्स माझ्यापासून दोन हातांवर उभ्या, तरी मी म्हणायची, "काका, त्यांना सांगा, मीठ द्या." की वन्स म्हणायच्या, "काका, तिला सांगा, डोळे उघड, समोरच आहे." काका बिचारे इकडून तिकडे मान फिरवून दमले.

आणि नेमकी त्याच आठवड्यात साहेबबाईंची पाहणी लागली. शाळांच्या जेवणावर देखरेख करणाऱ्या या बाई. मागच्या खेपेला आल्या, तर उष्ट्याची बादली कोबीनं काठोकाठ भरलेली. नाक मुरडून म्हणाल्या, "मुलं खातच नाहीत, तर हा खटाटोप कशाला? बिस्किटांचे पुडे वाटू. पुढच्या वेळीही बादली अशीच दिसली तर स्वयंपाकघर बंद!" माझं डोकंच सणकलं. पुड्यानं कुणाचं पोट भरलंय? आमच्या दुसरीतली चिमणी सकाळी नुसत्या चहावर येते. जेवण सुरू व्हायच्या आधी ती दुपारभर बाकावर डोकं टेकून झोपायची. आता तीच पोरगी पाढे म्हणताना छप्पर उडवते. पण साहेबबाईंना उलटून कोण बोलणार?

पाहणीच्या दिवशी भाजीवाल्यानं बिटाचं पोतं आणून टाकलं. दुसरी भाजीच नाही! मी मनात ठरवलं, किसून डाळीत घालावं, कुणाला पत्ता लागणार नाही. भात आणि दही पांढरं आहेच. तिकडे वन्सनी मनात ठरवलं, भात बिटाच्या पाण्यात शिजवावा, दह्यात बीट चिरून घालावं. डाळ पिवळी आहेच. एकमेकींना विचारायचं? छे, नाक कापलं गेलं असतं! काका फाटकावर साहेबबाईंची वाट बघत उभे, आणि आम्ही दोघी पाठीला पाठ लावून कामात.

घंटा झाली. आम्ही एकदमच झाकणं उचलली. डाळ लाल. भात गुलाबी. आणि दही तर असं गुलाबी, की बघवेना.

"अगं बाई! वहिनी, मेलो!" वन्स किंचाळल्या. थेट मलाच.

"अहो वन्स, एक शीत तरी पांढरं ठेवायचंत!"

"आणि तू गं? तुला आजच डाळीची हौस आली?"

भांडायला वेळ कुठला! दारात साहेबबाई उभ्या, मागे पोरांची रांग. जीव मुठीत धरून आम्ही वाढायला लागलो.

पोरं ताटाकडे बघत राहिली. मला वाटलं, संपलं आता. तेवढ्यात एकानं घास घेतला, शेजारणीनं त्याच्या तोंडात डोकावलं आणि ती कोकलली, "ए, याची जीभ बघा!" झालं! सगळी पंगत जिभा काढून बसली. कुणाची जास्त गुलाबी? पैजा लागल्या. "मावशी, दही!" "मावशी, अजून भात, माझी फिकीच आहे!" कोबी बघून तोंड वाकडं करणारी हीच पोरं पातेल्यांवर तुटून पडली. वन्स हसता हसता खालीच बसल्या. मला उचकी लागली, ती थांबेचना. हातातला डाव एकीकडे आणि ताट दुसरीकडे, असं माझं वाढणं चाललं होतं.

साहेबबाई मात्र चेहऱ्याची घडी न मोडता जेवत होत्या. चिमणी सरळ त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "बाई, तुमची दाखवा ना."

साहेबबाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि हळूच जीभ काढली. अशी गुलाबी, की काय सांगू! मग जो हलकल्लोळ उडाला, त्यात काकांच्या हातातली पाण्याची बादली सुटली आणि निम्मी पंगत भिजली. तरी कुणी उठेना. साहेबबाई स्वतःच इतक्या हसल्या, की त्यांना रुमाल काढून डोळे पुसावे लागले.

उष्ट्याची बादली कोरडी ठणठणीत होती. पण साहेबबाई काही दुधखुळ्या नव्हत्या. "आज गंमत म्हणून खाल्लं," त्या म्हणाल्या. "उद्या परत कोबी असला की?"

माझी उचकीच थांबली. रोज रोज रंग कुठून आणायचा? खरंच घाबरले मी.

चिमणी अजून तिथेच होती. तिसऱ्यांदा वाढून घेतलेलं ताट चाटूनपुसून साफ करत होती. तिनं मान वर केली.

"मी कोबी पण खाईन. पण उद्या जेवण आहे ना?"

साहेबबाईंचं हसू विरलं. त्या चिमणीच्या ताटाकडे पाहत राहिल्या.

"आहे," शेवटी त्या तिला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या, आणि एकदम नरम आवाजात विचारलं, "आहे ना हो?"

मला गप्प करणं एरवी कुणाच्या बापाला जमलेलं नाही. पण त्या वेळी मी नुसती मान हलवली, पुन्हा पुन्हा हलवत राहिले.