गिलक्रिस्टची होडी

जुन्या होड्यांची पारख करणाऱ्या एमरी थिबोडोला आता कुणाच्याही आजोबांची होडी बघायचा वीट आला होता. अमेरिकेतल्या मेन राज्यात प्रत्येक तळ्याकाठी, प्रत्येक शेडमध्ये एक तरी जुनी लाकडी कनू, वल्ह्याची अरुंद होडी, टांगलेली असते आणि मालकाला ती हटकून सोन्याची वाटते. खरं सांगितलं की माणसांचे चेहरे पडतात. ते पडलेले चेहरे बघून बघून एमरी शिणला होता. पण लोर्ना हॅस्केलने फोनवर त्याचा नकार ऐकूनच घेतला नाही.

लोर्ना आणि तिचा धाकटा भाऊ ड्वाइट शेडमध्येच उभे होते. दोघंही साठीपलीकडचे. वडील हिवाळ्यात गेले, आणि तळ्याकाठचं घर ड्वाइटला, होडी लोर्नाला, अशी वाटणी ठरली होती. सह्या त्याच संध्याकाळी व्हायच्या होत्या. वडिलांचं शेवटपर्यंत सगळं केलं ते लोर्नाने, त्याच घरात राहून.

"बाबा म्हणायचे, ही विकली तर दुसरं घर येईल," ड्वाइट म्हणाला. "ताईला मोठाच वाटा दिलाय मी."

एमरी कण्हत वाकला. होडीच्या पुढच्या टोकाशी अंगठ्याने धूळ पुसली, तर लाकडात ठोकलेला नंबर निघाला. फासळ्या टोकाला निमुळत्या, देवदाराच्या फळ्या पातळ, पितळी खिळे एका ओळीत. होड्यांचा नावाजलेला जुना कारागीर गिलक्रिस्ट, त्याच्याच हातची, शंकाच नको! क्षणभर तो दुखरे गुडघेसुद्धा विसरला.

मग त्याने बाहेरून नख मारलं. टक्. हिरव्या रंगाखाली मूळचा कॅनव्हास नव्हता, फायबरग्लास होतं. कॅनव्हास पुन्हा पुन्हा बदलायचा कंटाळा, म्हणून एके काळी अर्ध्या राज्याने हा उद्योग करून ठेवला होता. गळती थांबते, पण आत पाणी कोंडून लाकूड गुपचूप कुजतं. सुरीचं टोक फळीत लोण्यात जावं तसं गेलं.

तो तोंड उघडणार, एवढ्यात लोर्ना म्हणाली, "जरा थांबा. ड्वाइट, यांच्याआधी तुला काही सांगायचंय का?"

"मला? मला काय कळतंय त्यातलं!"

"काहीच नाही?"

"अगं, त्यांना बोलू दे ना."

एमरीने सांगून टाकलं. होडी अस्सल, पण आता जळणाच्या मोलाची. "अरेरे, नशीब बघ!" म्हणत ड्वाइट ट्रककडे गेला सुद्धा.

एमरीला संतापच आला. आजवर 'नक्की ना?' असं एकदाही न विचारता परतलेला माणूस त्याने पाहिला नव्हता.

"बाई, सही करू नका. त्याला ठाऊक होतं."

"असणारच. बाबांना फायबरग्लासचं ते चिकट मिश्रण कालवून द्यायला तोच होता." लोर्ना पालथ्या बादलीवर बसली. "गेल्या उन्हाळ्यात त्याने दुसऱ्या गावाहून एक जाणकार आणून त्याला ही होडी दाखवली. त्या माणसाच्या बायकोने चर्चच्या पंगतीत मला सगळं सांगितलं."

"मग मला कशाला एवढ्या लांब आणलंत?"

"तुमच्यासमोर तरी तो बोलेल म्हणून."

बाहेर ट्रक सुरू झाला. आवाज दूर दूर गेला.

"दमले हो मी, एमरी. मला त्या घरात राहायचंही नाही," ती म्हणाली. "नुसतं खरं बोलला असता ना, तर घर तसंच, काही न घेता देऊन टाकलं असतं."