बाटल्यांची भिंत

"उभी नको, आडवी घाला. तोंड आत, बूड बाहेर," केवळाबाई म्हणाली.

निवृत्तीनं बाटली हातात उलटीपालटी करून पाहिली. त्याचा सारा जन्म गवंड्यांच्या हाताखाली बिगारी करण्यात गेलेला. विटा, दगड, खापरं, वेळ पडली तर फुटकं जातंसुद्धा त्यानं भिंतीत घातलं होतं. सलाइनची बाटली घालायची वेळ मात्र पहिल्यांदाच आली होती.

"भिंत ऱ्हाईल का ही?" तो म्हणाला. "लोक हासतील, केवळे."

"हासू द्या. इतकी सालं अंधारात चाचपडून राहिलो, ते बघायला कुणी आलं का?"

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेलेला. केवळाबाई लातूरच्या सरकारी दवाखान्यात आया होती. दवाखान्याच्या मागं बौद्ध वस्ती आणि वस्तीच्या टोकाला, दोन घरांच्या मधोमध त्यांची एक लांबट खोली. डावी-उजवीकडच्या भिंती शेजाऱ्यांच्या, पुढं अरुंद बोळातलं दार. उजेड यायचा तर मागूनच आणि मागं किशनरावांचा गोठा. त्या उन्हाळ्यात मागची मातीची भिंत तडकून ओणवी झाली. पाडून नवी घालणं भाग होतं. तेव्हा एक खिडकी ठेवावी असं केवळाबाईच्या मनात होतं.

पण पाया खणायला घेतला त्याच दिवशी किशनराव गोठ्यातून पुढं आले.

"निवृत्ती, भिंत घाल, माझं काई म्हणणं न्हाई. पर खिडकी ठेवायची न्हाई. आमच्या बायका-माणसं शेणाला, धारंला गोठ्यात असतात. तुमच्या घरातून कुणी बघत बसलेलं मला चालायचं न्हाई."

ते ओरडले नाहीत. ओरडायची त्यांना गरजही नव्हती. निवृत्ती "हाव, मालक" म्हणून मोकळा झाला.

दोन-तीन दिवस गेले. मग एका दुपारी दवाखान्याच्या मागं कंपाउंडर शरणप्पा रिकाम्या बाटल्यांचा ढीग खड्ड्यात लोटायच्या तयारीत उभा असलेला केवळाबाईला दिसला. त्या उन्हाळ्यात विहिरींच्या तळचं गढूळ पाणी पिऊन गावोगावची माणसं हगवण-ओकारीनं बैलगाड्यांत घालून येत होती. खाटा पुरेनात तेव्हा व्हरांड्यात चटया टाकल्या. एवढ्या बाटल्या रिकाम्या झाल्या की ठेवायला जागा नव्हती.

"अण्णा, ह्या मी नेऊ का?"

"काय करतीस? रॉकेल भरतीस व्हय?"

"घर बांधते."

शरणप्पा हसला आणि म्हणाला, "ने. माझा खड्डा खणायचा वाचला."

धुवायला पाणी कुठलं? माणसांना प्यायला नव्हतं. तिनं चुलीतली राख आणि चिंध्या घेऊन एकेक बाटली घासली, खराट्याची काडी घालून आतून पुसली, उन्हात पालथी घातली. मग निवृत्तीला समजावून सांगितलं, "किशनराव मालकाला बघायचं वावडं हाय, उजेडाचं न्हाई."

भिंत उभी राहिली. खाली दगड, वर कच्च्या विटा आणि विटांमध्ये बाटल्यांच्या ओळी. गोठ्याच्या अंगानं नुसती काचेची गोल बुडं दिसत. आतल्या अंगाला बाटल्यांचे गळे बोटभर बाहेर आलेले, त्यांनाच केवळाबाईनं फणी, पिशवी, निवृत्तीची टोपी अडकवली. किशनरावांनी गोठ्यातून भिंतीला डोळा लावून पाहिलं. काही दिसेना. ते निघून गेले.

दुपार कलली की त्या भिंतीतून पाण्यातून आल्यासारखा हिरवट उजेड आत येई आणि समोरच्या बुद्धाच्या तसबिरीपर्यंत जाई. एकदा हात बसल्यावर केवळाबाई थांबली नाही. दुष्काळी कामावरच्या डांबराची रिकामी पिंपं फोडून, ठोकून निवृत्तीनं छपराला पत्रे केले. रेशनवर आलेल्या परदेशी मिलो ज्वारीच्या बारदान्याला चुना देऊन तिनं त्याखाली छत ताणलं, म्हणजे पत्र्याची झळ डोक्यावर यायची नाही. ट्रकच्या टायरचे तुकडे दाराला बिजागरी म्हणून ठोकले. त्यांचा आवाज होत नसे. फुटक्या घमेल्यात तुळस नव्हे, मिरची लावली. बाजारातून विकत आणलेली वस्तू त्या घरात शोधावी लागे. पण घर लख्ख होतं आणि तारामती, त्यांची एकुलती एक लेक, त्या भिंतीपाशी पाटी घेऊन बसे.

लोक हसले नाहीत. त्यांनी वेगळंच काढलं. "मढ्याच्या बाटल्या भिंतीत घातल्या," असं वस्तीतल्याच दोघी-चौघी कुजबुजल्या. केवळाबाईच्या कानावर आलं तेव्हा ती नळापाशी उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्या बाटल्या लावून कितीतरी माणसं आपल्या पायानं घरी गेली. त्यांचं नाव कुणी घेत न्हाई. मेलेल्यांचंच तेवढं ध्यानात ऱ्हातंय."

गेलेल्यांत किशनरावांची लेक गोदी होती, आठ-नऊ वर्षांची. म्हणून की काय, किशनरावांची बायको सरजाबाई गोठ्यात आली की भिंतीकडं पाठ करून शेण भरायची. केवळाबाईला ते ठाऊक होतं. बाटल्यांतून माणूस दिसत नसे, पण सावली दिसे.

वर्षं गेली. तारामती शिकली, कंधारला दिली. ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूरचा जिल्हा झाला. झेंडे लागले, कमानी उभ्या राहिल्या आणि पाठोपाठ हापिसं आली. हापिसांमागून साहेब आले, कारकून आले, शिपाई आले. त्यांना राहायला खोल्या हव्या होत्या. ज्या जागेत गुरं बांधत त्या जागेला एकाएकी भाव आला. किशनरावांनी गोठा विकला. चाकूरकडं त्यांचं शेत होतं, तिथंच घर करून राहायचं ठरलं. जागा घेतली मल्लिकार्जुन नावाच्या ठेकेदारानं. तो भला माणूस होता, स्वतः येऊन सांगून गेला, "मावशी, मी हितं खोल्या बांधतोय. माझी भिंत तुमच्या भिंतीला लागून येणार. तुमचा उजेड जाईल. वाईट वाटतंय, पर जागा तेवढीच हाय."

"तुमची जागा, तुमी बांधा," केवळाबाई म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

किशनरावांचं बिऱ्हाड हलायच्या आदल्या दिवशी, दुपारी, दारात सावली पडली. केवळाबाई सुपात तूर पाखडत होती. तिनं वर पाहिलं. दारात सरजाबाई उभी होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"या, बाई," केवळाबाई गडबडीनं उठली. पाट पुढं केला.

सरजाबाई आत आली, पण पाटावर बसली नाही. ती भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. बाहेर ऊन होतं आणि सगळ्या ओळी उजळल्या होत्या. तिनं एका गळ्यावरची पिशवी बाजूला सारली, काचेला बोट लावलं.

"आतून अशी दिसती व्हय," ती म्हणाली.  निवृत्ती दाराबाहेर बिडी ओढत होता, ती त्यानं विझवली.

"केवळा, एक इचारू?"

"इचारा की."

"त्या दिवशी व्हरांड्यात गोदीची बाटली तूच धरून उभी व्हतीस न्हवं?"

"हाव. टांगायचं स्टँड न्हवतं. सगळी लागली व्हती."

"मी दोन रातीची जागी. भिताडाला टेकले आन् डोळा लागला. जागी झाले तवा तू तिच्या तोंडावर पांघरूण ओढत व्हतीस." सरजाबाईचा आवाज कोरडा होता, जणू ती दुसऱ्या कुणाची हकिकत सांगत होती. "मधी काय झालं, मला कुणी सांगितलं न्हाई. आमच्या घरात तिचं नावच घ्यायचं न्हाई. तुला इचारावं, तर मधी ही भिंत. आता उद्या निघालो. आता न्हाई तर कधी?"

केवळाबाई खाली बसली. ती दवाखान्यात शेकडो माणसांच्या उशाशी उभी राहिली होती. सगळी आठवत नव्हती. ही आठवत होती. काय सांगावं आणि काय ठेवून द्यावं, याचा तिनं क्षणभर विचार केला. मग तिनं होतं तसं सांगितलं.

"तरास न्हाई झाला, बाई. अंगातलं बळच सरलं व्हतं. एकडाव डोळे उघडले. मलाच आई समजली. म्हणली, 'आई, म्हशीला पाणी पाजलं का?'"

सरजाबाईनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं.

"मी म्हणलं, 'हाव, पाजलं.' तर म्हणली, 'पोटभर?' मी म्हणलं, 'पोटभर.' मग डोळे मिटले. पुन्ना न्हाई उघडले."

"म्हस तर आधीच बाजारात गेली व्हती," सरजाबाई म्हणाली. "चारा न्हवता. तिला सांगितलंच न्हाई आमी. लई जीव व्हता तिचा म्हशीवर." ती आता पाटावर बसली. पदर तोंडाला लावला. रडण्याचा आवाज आला नाही, खांदे तेवढे हलले. केवळाबाई शेजारी बसून राहिली. हात लावावा की नाही हे तिला कळेना. मग तिनं लावला. सरजाबाईनं तो झटकला नाही.

"बरं केलंस," थोड्या वेळानं ती म्हणाली. "पाजलं म्हणलीस ते बरं केलंस."

तिनं डोळे पुसले आणि पुन्हा भिंतीकडं पाहिलं. "ह्यातली तिची कोणती?"

"ते न्हाई ठावं, बाई. ढिगातून आणल्या. खोटं कशाला सांगू?"

"मग कोणतीबी दे एक. तसंबी मल्लिकार्जुन झाकूनच टाकणार."

निवृत्ती आत आला. त्यानं छिन्नी-हातोडा घेतला. सरजाबाईनं खालच्या ओळीतली एक बाटली दाखवली. त्यानं भोवतालची माती हलक्या हातानं कोरली, बाटली फिरवत फिरवत ओढून काढली. काचेला टवकासुद्धा उडाला नाही. केवळाबाईनं ती ओल्या फडक्यानं पुसून दिली. सरजाबाईनं ती पदराच्या आत घेतली आणि "येते" म्हणाली. उंबऱ्यापाशी थांबून तिनं एकदा घरावरून नजर फिरवली, पांढरं छत, टायरची बिजागरी, तसबीर.

"घर झकास केलंस, केवळा," ती म्हणाली आणि गेली.

निवृत्तीनं ते भोक त्याच दिवशी चिखल आणि खापराचा तुकडा घालून बुजवलं.

महिन्याभरात मल्लिकार्जुनचं काम पायाच्या वर आलं. बिगारी म्हणून त्यानं निवृत्तीलाच सांगितलं होतं. जवळचा माणूस, कामाला चोख. पण भिंत लागायची वेळ आली तसा निवृत्ती घरी येऊन बसला.

"म्या न्हाई जात. आपल्याच घराला आपल्या हातानं काळोख करू व्हय?"

"तुमीच जा," केवळाबाई म्हणाली. "दुसरं कुणी गेलं तर विटा आपटून बाटल्या फोडून टाकंल. तुमच्या हातानं एकबी फुटायची न्हाई. गवंड्याला म्हणा, अंतर ठेवू नगा. फटीत उंदरं होतात."

तो गेला. ती आत चूल पेटवून बसली होती. बाहेरून विटा बसत होत्या आणि आतून एकेक ओळ विझत होती, खालून वर. निवृत्तीचा खोकला पलीकडून ऐकू येई. वरची शेवटची ओळ गेली तेव्हा दुपारच होती, पण खोलीत चुलीचा तेवढा लाल उजेड राहिला. ती उठली आणि तव्यावरची भाकरी करपायच्या आत उलटली.

पुढचे काही दिवस ती दिवसा दिवा लावून बसली. घासलेट फार जातं म्हणून निवृत्ती कुरकुरला, तशी ती म्हणाली, "मग काय करायचं ते मी बघते." सुट्टीच्या दिवशी ती भंगाराच्या बाजारात फिरली. कुठल्याशा हापिसाची मोडकी जीप तिथं येऊन पडली होती. नव्या जिल्ह्याला नव्या जीपा आल्या होत्या. चाकं, इंजिन सगळं गेलं होतं. समोरची काच मात्र धड होती. केवळाबाई भंगारवाल्याशी तासभर हुज्जत घालून ती काच डोक्यावर घेऊन आली. रस्त्यानं लोक वळून बघत होते. पोक्त बाई, डोक्यावर जीपची काच, तिच्यात सगळं आभाळ.

"आता हे कुठं?" निवृत्तीनं कपाळाला हात लावला.

"वर. बाजू तिन्ही झाकल्या. वर कुणी झाकतंय का बघू."

तो छपरावर चढला. पत्रा कापला, काच बसवली, कडेनं डांबर ओतलं. ती खाली उभी राहून सांगत होती, "जरा चुलीकडं सरकवा. आणखी जरा. बास, बास." मग तिनं बारदान्याच्या छतावर मध्येच कात्री चालवली.

उजेडाचा एक मोठा, पांढरा तुकडा जमिनीवर उतरला. हिरवट नव्हता आणि तसबिरीपर्यंत जातही नव्हता. केवळाबाई थोडा वेळ त्याच्याकडं बघत उभी राहिली. मग तिनं सूप आणलं, त्या उजेडात बसून तांदूळ निवडायला घेतले. ऊन सरकत गेलं तशी ती सूप उचलून त्याच्या मागं मागं सरकत राहिली.