बाईसाहेबांचा उपास

बायको गेल्याचं हॉस्पिटलातून कळलं त्या दिवशी माझ्याआधी मेव्हणी रडली, आणि माझ्याहून मोठ्याने. संध्याकाळी मेव्हणाही बॅग घेऊन आला. दोघं राहिली ती मला सांभाळायला. सांभाळलं त्यांनी मांजराचं दुःख.

मांजर बायकोचं. करडी, जाडजूड, शिष्ट. बायको तिला बाईसाहेब म्हणायची. बायको आजारी असतानाच बाईसाहेबांनी खाणं कमी केलं होतं, ती गेल्यावर सोडलंच. वाटीपाशी यायची, वास घ्यायची, तोंड फिरवायची.

"मुक्या जीवाला कळतं हो दाजी," मेव्हणी म्हणाली.

येईल त्याला ती भरलेली वाटी दाखवायची. लोक माझ्याशी दोन शब्द बोलायचे आणि मांजरासमोर उकिडवे बसून हळहळायचे. मेव्हण्याने फोटो काढून नातेवाइकांत फिरवला. सगळ्यांनी रडकी तोंडं पाठवली. मांजर पाणी तरी पितंय का, हे एकानेही विचारलं नाही. एका काकूंनी तर मला ऐकवलं, "तिने अन्न सोडलं आणि तुम्ही चहात बिस्कीट बुडवताय."

मी आणखी एक बुडवलं.

एका सकाळी ती खिडकीत बसली होती. ऊन तिच्या कानातून आरपार आलं आणि कान आतून पिवळा दिसला. मी तिला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. मेव्हणा आधार द्यायला आला. टोपली मीच धरली होती.

"केव्हापासून खात नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ताई गेल्यापासून," मेव्हणा म्हणाला. "दुःखात आहे ती."

बाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मानेवरचे थोडे केस काढून त्यांनी रक्त घेतलं. नळी मशीनमध्ये फिरवली. लाल रक्त तळाला बसलं, वर पाणी राहिलं.

"हे जवळपास बिनरंगी हवं," त्या म्हणाल्या.

ते खाण्याच्या तेलासारखं पिवळं होतं. थोड्या वेळाने रिपोर्ट आला. लिव्हरचे आकडे कुठल्या कुठे गेले होते.

"मांजर उपाशी राहिलं की अंगावरची चरबी लिव्हरमध्ये जाऊन बसते. जाड मांजराचं तर लवकर होतं. मग लिव्हर काम सोडतं."

"म्हणजे दुःखाने लिव्हर गेलं," मेव्हणा म्हणाला.

"उपासाने. लिव्हरला दुःख कळत नाही."

मेव्हण्याने मला बाजूला घेतलं. आवाज हळवा केला. "दाजी, कशाला हाल करायचे? जाऊ दे तिला ताईकडे. तिचीच इच्छा आहे ती."

मी म्हणालो, "तुझं जेवण एक दिवस चुकलं की घर डोक्यावर घेतोस. तिची इच्छा तू मला सांगू नकोस."

तेवढ्यात बाईंनी तिचा जबडा उघडला. आत बॅटरी मारली आणि मला बोलावलं. मागची दाढ किडली होती. हिरडी लालभडक, सुजलेली.

"भूक आहे हिला. चावता येत नाहीये."

फोटोसाठी काढलेला मोबाइल मेव्हण्याने खिशात टाकला.

खरं सांगायचं तर दाढेचं ऐकून मलाही जरा लागलं. बायकोसाठी कोणीतरी अन्न सोडलंय, हे मला मनातून आवडलं होतं. पण आवडलं म्हणून मांजराला मारायचं नसतं.

घरी आल्यावर मेव्हणी म्हणाली, "डॉक्टरांना काय कळतंय! दाढ नुसतं निमित्त." मेव्हण्याने फिरवलेला फोटो अजून हटवलेला नाही. त्याखाली नवी रडकी तोंडं येतच असतात. मी दोघांना त्यांच्या बॅगा कुठे आहेत ते विचारलं. त्यांना राग आला, पण बॅगा सापडल्या.

आता बाईसाहेबांच्या नाकात बारीक नळी आहे. पातळ खाणं मी सिरिंजने हळूहळू सोडतो. ती माझ्याकडे नोकराकडे बघावं तशी बघते. आमचं बरं चाललंय. परवा पुन्हा रक्त तपासलं. वरचं पाणी पहिल्यापेक्षा फिकं आहे, आकडे मात्र पुरेसे उतरलेले नाहीत. ते उतरल्याशिवाय लिव्हरला भूल झेपणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणतात.

दाढ काढायची राहिली आहे.