रेषेबाहेर उभी घार

मित्रांनो, माझ्या अंगावरचे दाणे झिजून पार गुळगुळीत झाले आहेत. तरीही विद्यापीठाच्या क्रीडागृहातल्या जाळीच्या पिशवीत माझी जागा पक्की आहे. मी बास्केटबॉलचा एक जुना चेंडू.

कारखान्यातून मी थेट एका व्यावसायिक संघाकडे आलो. तिथे एक खेळाडू होती. समोरचीच्या हातातून चेंडू अशी झडप घालून पळवायची की सगळे तिला घार म्हणत. तिच्या तळहाताची मला इतकी सवय झाली की दुसऱ्या कुणी उचललं तर परकं वाटायचं. टाळ्या पडल्या की मला वाटे, यातल्या थोड्या माझ्याही.

मग तिचा गुडघा दुखू लागला. कोच म्हणाले, पट्टी बांध आणि खेळ. ती खेळली. एका सामन्यात उंच उडी मारून खाली आली ती कोसळलीच. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी सांगितलं, चालता येईल, उड्या मात्र विसरा.

निरोप देताना संघाने मला तिच्या हवाली केलं. तिने मला पलंगाखाली सरकवलं. शेजारच्या मैदानावर चेंडू आपटल्याचा आवाज आला की ती उठून खिडकी लावून घ्यायची. मी अंधारात पडून तोच आवाज कान देऊन ऐकायचो.

एक दिवस तिची जुनी कर्णधार घरी आली. ती आता विद्यापीठाच्या क्रीडा विभागाची प्रमुख होती आणि मुलींच्या संघासाठी कोच शोधत होती. घार म्हणाली, मला खेळता येतं, शिकवता येत नाही. कर्णधाराने वाद घातला नाही. वाकून मला पलंगाखालून ओढलं, पदराने पुसलं आणि घारीच्या मांडीवर ठेवलं.

घार मला घेऊन विद्यापीठात रुजू झाली, पण सुरुवात काही धड नव्हती. मुली चुकल्या की घार मला हिसकावून स्वतःच करून दाखवायची आणि मग भिंतीला टेकून गुडघा चोळत राहायची. एकदा तर सामन्याच्या ऐन भरात ती रेषा ओलांडून आत शिरली. पंचांनी तिला हाताला धरून बाहेर आणलं.

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी संघातली सगळ्यांत चपळ मुलगी, भिंगरी, घोटा मुरगळून बसली. पट्टी बांधून खेळते म्हणाली. "ताई, असा सामना परत नाही मिळायचा."

घार तिच्या सुजलेल्या पायाकडे बघत राहिली.

"सामना मिळेल गं," ती म्हणाली. "पाय नाही मिळत."

भिंगरी बाकावर बसली आणि संघ अगदी थोडक्यात हरला. कित्येक दिवस ती ताईंकडे बघतही नव्हती. पुढच्या हंगामात मात्र तिने उंच उडी घेतली, अलगद खाली उतरली आणि वळून पहिल्यांदा बाकाकडे पाहिलं. घारीने नुसती मान हलवली. तिचे डोळे भरले होते.

आता सामन्यांत नवे चेंडू असतात. मुली गेल्या की घार मला पिशवीतून काढते आणि पाय जमिनीवरच ठेवून रिंगकडे सोडते. कधी मी पोचतो, कधी नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही खेळ सुटलेलं कुणीतरी असेल, माणूस किंवा चेंडू. त्याला कोपऱ्यात टाकू नका. अधूनमधून मैदानावर घेऊन जा. आम्हाला अजून खेळावंसं वाटतं.