वेशीपाशी थांबलेली दवंडी

मी एक जुनी हलगी आहे. लाकडाचं कडं आणि त्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं, एवढंच माझं शरीर. पाथर्डीकडच्या एका लहान गावात छगनच्या खांद्यावर मी वीस वर्षं काढली. तो मला जाळावर शेकायचा, मग माझा आवाज कडक निघायचा. लग्नात वाजले, जत्रेत वाजले, पण माझं खरं काम दवंडीचं. लोक म्हणत, "छगनच्या हलगीनं बहिराबी दचकतो." मला त्याचा गर्व होता.

मित्रांनो, १९४४ च्या उन्हाळ्यात गहिनीनाथ नावाच्या शेतकऱ्याला विहिरीपाशी एक भुरं कुत्रं सापडलं. पायात काटा, गळ्यात लोकरीचा गोफ. गहिनीनाथाने काटा काढला, पाणी पाजलं. माणूस वाईट नव्हता. पण कुत्रं त्याच्या मनात भरलं.

गावची रीत अशी, की सापडलेल्या जनावराची दवंडी द्यायची. आठ दिवसांत मालक आला नाही, तर जनावर ज्याला सापडलं त्याचं. छगनने गल्लोगल्ली मला वाजवलं. वेशीपाशी पारावर बसलेल्या गहिनीनाथापुढे तो थांबला.

"अण्णा, गोफ धनगराचा दिसतोय. कालच मेंढरं शिवारातनं फुडं गेली. जाऊ का तिकडं?"

"दवंडी येशीपतुर असती. तू काय समद्या तालुक्याला ऐकवनार हाय का?"

पारावरची माणसं हसली. छगन मागे फिरला. मीही गप्प झाले.

मेंढ्यांचा वाडा, म्हणजे धनगरांचा तळ, फक्त एका कोसावर उतरला होता. गुरुवारच्या बाजारात एक शब्द टाकला असता, तरी पुरे होतं. कोणी टाकला नाही.

नवव्या दिवशी भीमाबाई धनगरीण विचारत विचारत आली. तिचे पाय धुळीने भरले होते. राखण नसल्यामुळे लांडग्याने तिची दोन कोकरं नेली होती.

"दादा, आमचा भुऱ्या दिसला का?"

गहिनीनाथाची मान खाली गेली. भुऱ्या आदल्या संध्याकाळीच दावं तोडून पळाला होता.

"दवंडी दिली हुती, बाई," तो म्हणाला.

"कुठं?"

"गावात."

"आमी गावात ऱ्हातो व्हय, दादा?"

गहिनीनाथ उठला आणि छगनला म्हणाला, "घे हलगी. चल." त्या दिवशी मी पहिल्यांदा वेशीबाहेर वाजले. ओढ्यात, माळावर, थेट पुढच्या गावापर्यंत. भीमाबाई हाका मारत होती. भुऱ्या आला नाही.

मित्रांनो, चुकलेलं जनावर दिसलं तर त्याला पाणी पाजा, सावलीला बांधा. मग त्याचं माणूस कुठे असेल, याचा विचार करा आणि निरोप तिथवर पोहोचवा. आपल्या दारात सांगून मोकळे होऊ नका. आणि उशीर करू नका. त्या दिवशी मी जीव तोडून वाजले, पण दवंडी माणसांना कळते. कुत्र्याला ती कशी कळावी?