पंचक सरेपर्यंत

फाल्गुनातली दुपार कलली होती. खाडीकाठच्या मिठागरांवर शुभ्र, स्तब्ध, डोळे दिपवणारे ऊन पसरले होते. पाणी आटत होते, मीठ उमलत होते; वाऱ्यालाही खारट जडपण आले होते. त्या आगरांत उभा जन्म घालवलेले अण्णा मात्र इस्पितळाच्या शीतल, निळसर, यंत्रगुंजित खोलीत निजले होते.

निजले होते म्हणायचे, एवढेच. मेंदूतल्या रक्तस्रावाने त्यांची वाणी नेली, दृष्टी नेली, ओळख नेली. परतीची वाट नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. यंत्र श्वास भरी, छाती चढे. यंत्र श्वास सोडी, छाती उतरे.

त्यांचा धाकटा मुलगा वामन पहिल्यांदा बोलला. "अण्णांका सोडूया आता, ताई. किती हाल करूचे तेंचे?"

थोरल्या कुमुदिनीला ते पटले होते. मनाच्या तळापर्यंत पटले होते. आणि तरी तिच्या तोंडून निघाले, "पंचक लागलासा. सरू दे, मगे बघूया."

वामन बघतच राहिला. आई गेली तेव्हाही पंचक होते. घरातली आणखी पाच माणसे जाऊ नयेत म्हणून आत्येने चितेवर ठेवायला कणकेचे पाच पुतळे केले, तेव्हा हीच कुमुदिनी तिला हसली होती. "तुका पंचक कधीपासून पटाक लागला?" त्याने विचारले. पण आत्येने मान डोलावली, नातेवाइकांनी दुजोरा दिला, आणि वामन एकटा पडला. बहीणभावाचे बोलणे तुटले.

मग ते दिवस आले. संथ, पांढरे, निर्दय दिवस. नळीने अण्णांचे ओठ चिरले. हात सुजले. कुशीवर वळवताना पाठीची जखम दिसली, लाल, ओली, खोल. कुमुदिनीने तोंड फिरवले. ही जखम आपली आहे, हे तिला कळले. अण्णांनी तिच्याकडे काही मागितले नव्हते, मागूही शकत नव्हते. तिने आपल्या भीतीला पंचकाचे नाव दिले होते आणि ती भीती त्यांच्या देहावर लादली होती.

पंचक सरले. आडोसा सरला.

"वामन," ती म्हणाली, "पंचक निमित्त होता रे. माझ्याच्यान सोडवत नव्हता."

"माका ठावक होता," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना.

संध्याकाळी नळी निघाली. यंत्राचा गुंजारव निमाला. खोलीत निःशब्द, नितळ, अथांग शांतता भरली. आता संपले, असे वाटले; आणि छाती आपली आपण चढली. क्षीण, खरखरीत, पण त्यांचा स्वतःचा श्वास.

पुढचा श्वास येऊ नये, असे कुमुदिनीला वाटले. एका श्वासासाठी इतके दिवस भांडलेल्या तिला ते वाटले, आणि ती शरमेने वाकली. तिने त्यांच्या छातीवर तळवा ठेवला. चिरलेल्या ओठांजवळ तोंड नेले.

"चुकलंय मी, अण्णा. जावा आता."

छाती चढली. छाती उतरली. वामनने तिच्या हातावर आपला हात ठेवला. आणि दोघांचे हात, एकावर एक, पुन्हा न चढलेल्या त्या छातीवर तसेच राहिले, उशिरापर्यंत राहिले.